एडिटरमधून कमिट करताना फाइली नेमक्या कशा निवडता?

अर्धविराम

इमॅक्स या एडिटरमध्ये कंट्रोल-एक्स व्ही व्ही दाबलं की कमिटची, म्हणजे बदल आवृत्तींच्या इतिहासात नोंदवण्याची, तयारी सुरू होते. पण कोणत्या फाइलींच्या कमिटची? ते त्या क्षणी तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. साधी फाइल उघडून बसला असाल तर फक्त तीच फाइल. व्हीसी-डिर बफरमध्ये (बदललेल्या फाइलींची यादी दाखवणाऱ्या खिडकीत) असाल आणि काही फाइलींवर खुणा केल्या असतील तर तेवढ्याच. खूण एकही नसेल तर कर्सरखालची एक. डायरेडमध्येही, म्हणजे इमॅक्सच्या फोल्डर-यादीत, तसंच. म्हणजे आज्ञा एक, पण तिचा आवाका दर ठिकाणी वेगळा. या आवाक्याला तिथे फाइलसेट म्हणतात.

फरक पाहायला किंवा इतिहास वाचायला ही सोय मला मनापासून आवडते. समोरच्या फाइलचाच डिफ हवा असतो, तो मिळतो. अख्ख्या रिपॉझिटरीचा (प्रकल्पाच्या इतिहासासह साठ्याचा) हवा असेल तर मोठ्या डी ची वेगळी आज्ञा आहे, इतिहासासाठी मोठ्या एल ची. पण कमिटला हाच नियम लावणं मला धोक्याचं वाटतं. डिफ चुकीच्या फाइलचा निघाला तर खिडकी बंद केली की संपलं. कमिट मात्र इतिहासात जातो.

तर प्रश्न दोन. आज्ञा कोणत्या फाइलींना लागू होणार हे कोणी ठरवावं: समोरची उघडी फाइल, हाताने केलेल्या खुणा, की गिट या आवृत्ती सांभाळणाऱ्या साधनाचा इंडेक्स, म्हणजे पुढच्या कमिटसाठी वेगळे काढून ठेवलेले बदल? आणि तुम्ही निवड करता ती अख्ख्या फाइलीची, फाइलीतल्या तुकड्यांची, की सरसकट सगळ्याची? एडिटर कोणताही चालेल, अनुभव लिहा.

बोरूबहाद्दर

मी व्हीएस कोडवाला. डावीकडे सोर्स कंट्रोलची यादी, प्रत्येक फाइलीपुढे अधिकचं चिन्ह. ते दाबलं की फाइल स्टेज्ड भागात, म्हणजे त्याच इंडेक्समध्ये, जाते, आणि कमिट होतो तो त्या भागाचा. कोणती फाइल उघडी आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न मला पडतच नाही.

दुर्बीण

बोरूबहाद्दर, पडायला हवा! स्टेज्ड भाग रिकामा असताना तुम्ही कमिट दाबलंत तर तो विचारतो, काहीच स्टेज केलेलं नाही, सगळे बदल स्टेज करून थेट कमिट करू का? तिथे ‘नेहमी’ असं उत्तर दिलं की एनेबल-स्मार्ट-कमिट हे सेटिंग चालू होतं आणि पुढे तो कधीच विचारत नाही. मग स्टेज करायला विसरलात त्या दिवशी सगळं जातं. त्याच्या जोडीचं दुसरं सेटिंग आहे, स्मार्ट-कमिट-चेंजेस. ते मुळात ‘ऑल’ असतं, म्हणजे गिटला आजवर माहीत नसलेल्या नव्या फाइलीसुद्धा आत. ते ‘ट्रॅक्ड’ करून ठेवा, निदान नव्या फाइली तरी आपोआप घुसणार नाहीत.

बोरूबहाद्दर

हे दुसरं सेटिंग माहीत नव्हतं. आत्ताच बदललं. धन्यवाद.

जुना_खांब

अर्धविराम यांच्या प्रश्नाचं मूळ इतिहासात आहे, म्हणून थोडं मागे जातो.

आरसीएस हे आवृत्ती सांभाळणारं हत्यार वॉल्टर टिची यांनी १९८२ च्या सुमारास केलेलं. त्यात आवृत्ती असायची ती एका फाइलीची. फाइल कुलूप लावून घ्यायची, बदलायची, परत ठेवायची. प्रकल्प नावाची गोष्ट त्या हत्याराला ठाऊकच नव्हती. सीव्हीएस आलं तेव्हा अनेक फाइली एका आज्ञेत कमिट करता येऊ लागल्या, पण प्रत्येक फाइलीचा आवृत्ती क्रमांक वेगळाच राहिला, आणि मध्येच जोडणी तुटली तर अर्ध्या फाइली आत आणि अर्ध्या बाहेर अशी अवस्था व्हायची. सबव्हर्जनची १.० आवृत्ती २००४ ची. त्यात कमिट अखंड झाला, झाला तर पूर्ण नाहीतर अजिबात नाही. २००५ मध्ये गिट आणि मर्क्युरियल दोन्ही आले आणि कमिट म्हणजे अख्ख्या झाडाचं चित्र, ही समजूत पक्की झाली.

आता इमॅक्सचं व्हीसी, म्हणजे त्यातली आवृत्ती सांभाळायची सोय, बघा. एरिक रेमंड यांनी ते लिहिलं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे फाइलीगणिक आवृत्तीच्या जगात. ‘पुढचं योग्य पाऊल उचल’ ही एकच आज्ञा, समोरच्या फाइलीवर. त्या काळासाठी हे फार नेमकं डिझाइन होतं. अनेक फाइलींचा फाइलसेट आणि व्हीसी-डिर हे आलं इमॅक्स २३ मध्ये, २००९ ला. त्यांनी जुनी सवय मोडली नाही, तिच्या भोवती नवं बांधलं. म्हणून फाइलीच्या बफरमधून दिलेली आज्ञा आजही एका फाइलीचीच राहते. मला यात दोष दिसत नाही. ज्याला एकच फाइल कमिट करायची आहे त्याला इतका छोटा रस्ता दुसरीकडे कुठे मिळत नाही.

रेघोटी

इतिहास सुंदर सांगितलात, पण निष्कर्षाशी असहमत. एकच फाइल कमिट करायची आहे ही परिस्थितीच किती वेळा येते? फंक्शनचं नाव बदललं की ते जिथे जिथे वापरलंय त्या फाइली आल्या, चाचणीची फाइल आली, कधी दस्तऐवज आला. बफरमधून कमिट केला की नेमकं व्याख्येचं नाव बदललेलं आत जातं आणि वापराच्या जागा बाहेर राहतात. तो कमिट घेऊन दुसऱ्याने बिल्ड केला की तुटणार.

आणि उलट बाजूने, फाइल हे माप बरेचदा मोठंही पडतं. एकाच फाइलीत बग दुरुस्त केलेला असतो आणि वाटेत इंडेंटेशनही नीट केलेलं असतं. हे दोन वेगळे कमिट हवेत. म्हणून मी मॅगिट हे इमॅक्समधलं गिटचं साधन वापरते. स्टेटस बफरमध्ये फाइलीवर टॅब दाबला की तिचे हंक (बदलांचे तुकडे) उघडतात, हंकवर एस दाबला की तेवढाच स्टेज होतो. हंकमधल्या दोनच ओळी हव्या असतील तर त्या ओळी निवडून एस. यू दाबला की परत बाहेर. काय जाणार आणि काय राहणार हे एकाच पानावर वरखाली दिसत असतं. माझ्यासाठी निवड म्हणजे हंकची निवड.

गाठोडे

व्हिमच्या बाजूने हजेरी. टिम पोप यांचं फ्युजिटिव्ह हे गिटसाठीचं प्लगइन वापरतो. त्यातही स्टेटसची खिडकी आहे, एस ने स्टेज, यू ने मागे, वजाच्या चिन्हाने उलटसुलट, बरोबरच्या चिन्हाने तिथल्या तिथे डिफ उलगडतो, सीसी ने कमिट. पण मला त्यातली एक गोष्ट या चर्चेसाठी महत्त्वाची वाटते. फाइल उघडी असताना जीराइट ही आज्ञा दिली की ती फाइल सेव्ह होते आणि स्टेज होते, बस्स. कमिट होत नाही. म्हणजे समोरच्या फाइलीवर बोट ठेवून निवड करायची सोय आहे, पण निवडणं आणि कमिट करणं ही दोन पावलं वेगळी ठेवली आहेत. अर्धविराम यांना जी भीती वाटते ती दोन्ही गोष्टी एका दमात झाल्यामुळे वाटते, असं माझं मत.

पाऊलखूण

गाठोडे +१. अगदी मर्मावर बोट.

उंबरठा

रेघोटी, हंक निवडून कमिट करण्याबद्दल माझा गंभीर आक्षेप आहे. तुम्ही चाचण्या चालवता त्या डिस्कवर असलेल्या फाइलींवर. त्यात दोन्ही बदल एकत्र आहेत. मग त्यातला अर्धा भाग उचलून कमिट करता. हा जो अर्धा भाग आहे तो त्या रूपात कधी कंपाइलही झालेला नाही, चालणं तर दूरच. दिसायला टापटीप इतिहास, पण त्यातला प्रत्येक कमिट न तपासलेला. अख्खी फाइल कमिट करणाऱ्यालाही हा धोका आहे, कारण बाकीच्या फाइली बाहेर राहतात. पण हंकमध्ये तो कैक पटीने वाढतो.

पुढे गिट बायसेक्ट करायची वेळ आली की हे भोवतं. हजार कमिटांमधून दोषी कमिट सुमारे दहा पावलांत सापडतो, हीच त्याची ताकद. पण मध्येच न चालणारे कमिट भेटले की ते वगळत बसावं लागतं आणि शेवटी उत्तर मिळतं ते ‘या सहांपैकी कुठलातरी एक’.

रेघोटी

आक्षेप रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. स्टेज करून झालं की गिट स्टॅश कीप-इंडेक्स या पर्यायासह चालवायचं. गिटला माहीत असलेल्या फाइलींत जे स्टेज केलंय तेवढंच डिस्कवर उरतं, बाकीचं बाजूला जातं. आता चाचण्या चालवा, कमिट करा, मग स्टॅश परत आणा.

उंबरठा

स्टॅशमध्ये स्टेज केलेला भागही साठवलेला असतो. एकाच फाइलीतले जवळजवळचे हंक असतील तर परत आणताना कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) येऊ शकतो. माझ्या सहकाऱ्यांची यात बरीच दमछाक झालेली पाहिली आहे.

दुर्बीण

मी दुसरा मार्ग वापरतो. आधी कमिट करून टाकायचा, पण पुश करायचा, म्हणजे सर्व्हरकडे ढकलायचा, नाही. मग गिट वर्कट्री वापरून तोच कमिट शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये चेकआउट करायचा आणि चाचण्या तिथे चालवायच्या. मूळ फोल्डरमधल्या अर्धवट बदलांना हातही लागत नाही. चाचणी पडली तर अमेंड, म्हणजे तोच कमिट दुरुस्त करायचा. वर्कट्री गिटमध्ये २०१५ पासून आहे, तरी फार कमी लोक वापरतात याचं मला नवल वाटतं.

उंबरठा

हे पटलं. वर्कट्रीची जोड असेल तर माझा आक्षेप बराचसा मागे.

शेंडेफळ

मी या सगळ्यात नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. इमॅक्समध्ये व्हीसी-डिर उघडतो, तीनचार फाइलींवर एम ने खुणा करतो आणि व्ही दाबतो. कधी नीट कमिटचा बफर येतो, तर कधी फाइलींच्या अवस्था जुळत नाहीत अशी तक्रार येते. दोन्ही वेळा मी तेच करत असतो. मग फरक कुठे पडतो?

पाऊलखूण

शेंडेफळ, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. इथेच बहुतेकजण अडतात आणि कंटाळून टर्मिनलकडे वळतात.

व्ही म्हणजे ‘पुढचं योग्य पाऊल’. हे पाऊल फाइलीच्या अवस्थेवर ठरतं. बदललेल्या फाइलीसाठी पुढचं पाऊल कमिट. नोंदच नसलेल्या नव्या फाइलीसाठी पुढचं पाऊल नोंदणी. तुम्ही दोन्हींवर खुणा केल्या तर एडिटरने कोणतं पाऊल उचलायचं? म्हणून तो थांबतो. बदललेल्या, नव्याने जोडलेल्या आणि काढून टाकलेल्या या तीन अवस्था मात्र एकत्र चालतात, कारण तिघींचं पुढचं पाऊल कमिटच आहे.

तर क्रम असा ठेवा. आधी नव्या फाइलींवर तेवढ्या खुणा करून कंट्रोल-एक्स व्ही आय ने त्यांची नोंद करा. त्या ‘जोडलेल्या’ अवस्थेत येतील. मग त्या आणि बदललेल्या मिळून खुणा करा आणि व्ही दाबा. मोठा एम लक्षात ठेवा, कर्सरखालच्या फाइलीची जी अवस्था आहे त्या अवस्थेच्या सगळ्या फाइलींवर तो एकदम खूण करतो. एक्स ने जैसे थे असलेल्या फाइली नजरेआड होतात, यादी सुटसुटीत होते.

आणखी एक. फोल्डरच्या ओळीवर खूण केलीत तर त्यातल्या एखाद्या फाइलीवर वेगळी खूण करता येत नाही, कारण ती फोल्डरच्या खुणेत आलेलीच असते. तक्रार आली तर आधी वरच्या फोल्डरची खूण काढा.

शेंडेफळ

खूप खूप धन्यवाद, आत्ता करून पाहिलं. नव्या फाइलीमुळेच अडत होतं.

कंसातला

चेंजलिस्टबद्दल अजून कोणीच बोललं नाही. सबव्हर्जनमध्ये १.५ आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, फाइलींच्या गटाला नाव देता येतं आणि कमिट करताना तेवढ्याच गटाचं नाव सांगता येतं. इंटेलिजे कुटुंबातल्या एडिटरांनी ही कल्पना गिटवरही आणली. बदल करतानाच तो कोणत्या यादीत जाणार हे ठरलेलं असतं. कमिटच्या वेळी यादी उघडा, चौकटींवर टिचक्या आहेतच, हवं तर एखादी काढा.

माझ्यासाठी याचा सगळ्यात मोठा फायदा स्थानिक कॉन्फिग फाइलीबाबत. डेटाबेसचा पत्ता माझ्या मशीनपुरता बदललेला असतो, तो कधीच कमिट करायचा नसतो. ती फाइल ‘पाठवू नये’ नावाच्या यादीत टाकून दिली की प्रत्येक वेळी निवडताना डोकं लावायला नको. निवड करताना काय घ्यायचं यापेक्षा काय कधीच घ्यायचं नाही हे एकदा सांगून ठेवणं जास्त कामाचं आहे.

बोरूबहाद्दर

गिटमध्ये त्यासाठी अझ्यूम-अनचेंज्ड आहे की. किंवा स्किप-वर्कट्री. ती फाइल बदललेल्यांच्या यादीत दिसतच नाही.

जुना_खांब

कृपया हे करू नका. ट्रॅक होत असलेल्या फाइलीतले बदल दुर्लक्षित करण्यासाठी या दोन्ही सोयी नाहीत, असं गिटच्याच दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. अझ्यूम-अनचेंज्ड हे संथ फाइलसिस्टिमवर वेळ वाचवण्यासाठी दिलेलं वचन आहे की मी या फाइलीला हात लावणार नाही. ते वचन आपणच मोडायचं आणि गिटने समजून घ्यावं अशी अपेक्षा करायची, हे चालत नाही. ब्रँच (कामाची शाखा) बदलताना किंवा पुल करताना (इतरांचे बदल आणताना) ती फाइल वरूनही बदललेली असेल तर गोंधळ ठरलेला, आणि तो कशामुळे झाला हे यादीत दिसतही नाही.

योग्य मार्ग जुनाच आहे. नमुना कॉन्फिग रिपॉझिटरीत ठेवा, खरी फाइल वेगळ्या नावाने गिटइग्नोरमध्ये टाका, आणि प्रोग्रॅमने ती खरी फाइल वाचावी. फक्त तुमच्यापुरतं काही दुर्लक्षित करायचं असेल तर गिट फोल्डरच्या आत इन्फो-एक्स्क्लूड आहे. मात्र हे दोन्ही नियम ट्रॅक न होणाऱ्या फाइलींनाच लागू पडतात. आधीपासून ट्रॅक होत असलेली फाइल गिटइग्नोरमध्ये लिहून काहीही होत नाही, आधी ती इंडेक्समधून काढावी लागते.

कंसातला

नमुना फाइलीचा मार्ग उत्तम, पण तो टीमने मान्य करावा लागतो. एकट्याच्या हातात असतं ते चेंजलिस्ट. असो, दोन्ही मार्ग आपापल्या जागी.

गाठोडे

आमच्या जुन्या टीममध्ये एका सर्व्हरची गुप्त किल्ली अशीच सरसकट कमिटमधून गेली होती आणि लक्षात आल्यावर पुढच्या कमिटमध्ये ती फाइल काढून टाकली गेली. सगळ्यांना वाटलं मिटलं. इतिहासात किल्ली तशीच होती, कोणीही जुना कमिट उघडून वाचू शकत होता. अशा वेळी पहिलं काम म्हणजे ती किल्ली रद्द करून नवी घेणं. इतिहास साफ करणं त्यानंतर.

दुर्बीण

आता मला अर्धविराम यांच्या पहिल्या प्रश्नातला असा कोपरा दाखवायचा आहे जिथे माणसं खरोखर फसतात, आणि फसल्याचं कळतही नाही.

समजा तुम्ही टर्मिनलमध्ये गिट अ‍ॅड -पी वापरून एका फाइलीतले दोनच हंक निगुतीने स्टेज केलेत. मग एडिटरमध्ये आलात आणि व्हीसीने तीच फाइल कमिट केलीत. काय जाईल? दोन हंक नाही. अख्खी फाइल जाईल, डिस्कवर आहे तशी. कारण व्हीसी गिटला फाइलींची नावं देऊन ‘ओन्ली’ पर्यायाने कमिट करायला सांगतं, आणि त्या पर्यायाचा अर्थच असा की या फाइलींचं डिस्कवरचं रूप घे, इंडेक्समध्ये दुसऱ्या फाइलींचं काय आहे ते बघू नकोस. तुम्ही केलेली हंकांची निवड शांतपणे पुसली जाते. टर्मिनलमध्ये गिट कमिट आणि पुढे फाइलीचं नाव लिहिलंत तरी हेच होतं, मुळात तोच पर्याय गृहीत धरला जातो.

म्हणजे निवडीच्या दोन पद्धती आहेत. एकीत निवड फाइलींच्या नावांत असते, दुसरीत इंडेक्समध्ये. दोन्ही सुसंगत आहेत. पण एकाच कमिटमध्ये दोन्ही मिसळल्या की घात होतो. व्हीसी वापरायचं तर शेवटपर्यंत व्हीसी, इंडेक्स वापरायचा तर कमिटही इंडेक्समधूनच, म्हणजे मॅगिट, फ्युजिटिव्ह, व्हीएस कोड किंवा साधं गिट कमिट.

व्हीसीमध्ये राहूनच हंक निवडायचे असतील तर इमॅक्स २९ पासून, म्हणजे २०२३ पासून, सोय झाली आहे. डिफ काढा, त्या डिफच्या बफरमधून नको असलेले हंक के ने काढून टाका, आणि तिथेच कंट्रोल-एक्स व्ही व्ही. उरलेले हंकच कमिट होतात, डिस्कवरच्या फाइलीला धक्का लागत नाही.

रेघोटी

हा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. ओन्लीचं हे वागणं मला आजवर कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. मॅगिटमध्ये काहीच स्टेज नसताना कमिट केलं तर तो सगळं स्टेज करू का असं विचारतो आणि होकार आला तरच पुढे जातो. निदान गुपचूप काही होत नाही.

उंबरठा

निवडीच्या वेळी सुटून जाणाऱ्या गोष्टींबद्दल थोडं. मी रोज इतरांचे कमिट तपासतो, त्यामुळे काय राहून जातं ते समोर दिसतं.

सगळ्यात जास्त राहते ती नवी फाइल. गिट कमिट -ए ट्रॅक होत असलेल्या सगळ्या फाइली घेतं, नव्या घेत नाही. लिहिणाऱ्याच्या मशीनवर ती फाइल असते म्हणून सगळं चालतं, इतरांकडे पहिल्याच बिल्डला कोसळतं. त्याखालोखाल नाव बदललेली फाइल. गिट नाव बदलल्याची वेगळी नोंद ठेवत नाही, जुनी काढली आणि नवी आली यावरून मजकुराच्या साम्याने ते नंतर ओळखतं. एडिटरच्या यादीत या दोन ओळी दूर दूर दिसतात. फक्त नव्या नावावर खूण केली की रिपॉझिटरीत दोन्ही फाइली राहतात.

आणि तिसरी, सेव्ह न केलेला बफर. कमिट डिस्कवरचा मजकूर घेतो, स्क्रीनवरचा नाही. चांगले एडिटर कमिटपूर्वी सेव्ह करू का विचारतात, पण टर्मिनल वेगळ्या खिडकीत असेल तर त्याला तुमच्या बफरची गंधवार्ताही नसते.

बोरूबहाद्दर

नव्या फाइलींसाठी व्हीएस कोडमध्ये अनट्रॅक्ड-चेंजेस सेटिंग ‘सेपरेट’ करा. त्यांचा वेगळा गट दिसतो, मोठ्या यादीत हरवत नाहीत.

शेंडेफळ

आमच्या ग्रुपमध्ये ‘किरकोळ दुरुस्ती’ असा मेसेज असलेला एक कमिट आहे. उघडला तर अख्खा प्रकल्पच नव्याने फॉरमॅट केलेला निघतो! त्या मागे नेमकी कोणती दुरुस्ती होती ते आजतागायत कोणाला सापडलेलं नाही :)

कंसातला

प्रत्येक प्रकल्पात असा एक कमिट असतो. प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणारं गिट ब्लेम वापरलं की प्रत्येक ओळीवर त्याचंच नाव. त्यावर इलाज आहे, ब्लेमला इग्नोर-रेव्हज-फाइल देता येते. त्यात असे कमिट लिहून ठेवले की ब्लेम त्यांना ओलांडून मागचं दाखवतो.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. इतका तपशील मिळेल असं वाटलं नव्हतं.

गाठोडे आणि दुर्बीण यांचे प्रतिसाद वाचून माझं मत पक्कं झालं. निवडणं आणि कमिट करणं वेगळं हवं, आणि कमिटच्या आधी आवाका डोळ्यांसमोर हवा. म्हणून यापुढे फाइलीच्या बफरमधून मी फक्त डिफ, इतिहास आणि ब्लेम काढणार. कमिट नेहमी व्हीसी-डिरमधून, खुणा करूनच. मेसेजच्या बफरमध्ये आल्यावर कंट्रोल-सी कंट्रोल-एफ ने फाइलींची यादी, कंट्रोल-सी कंट्रोल-डी ने पूर्ण डिफ, आणि दोन्ही वाचल्यावरच कंट्रोल-सी कंट्रोल-सी. जुना_खांब यांचं म्हणणं समजलं, तरी माझ्या मते कमिटसाठी एका फाइलीचा छोटा रस्ता नसलेलाच बरा.

जुना_खांब

तुमची पद्धत चांगली आहे, पण छोटा रस्ता बंद करायची गरज नाही. मी बफरमधून कमिट करण्याआधी मोठ्या डी ची आज्ञा देतो. अख्ख्या रिपॉझिटरीच्या डिफमध्ये ही एकच फाइल दिसली तर, नोंद नसलेल्या नव्या फाइली सोडल्यास, व्हीसी-डिर उघडून काय वेगळं मिळणार? दुसरं काही दिसलं तर मग व्हीसी-डिर आहेच. आणि यादी व डिफ दाखवणाऱ्या त्या दोन आज्ञा बफरमधून आल्यावरही तशाच चालतात. आवाका दाखवायची सोय दोन्ही रस्त्यांवर आहे, वापरायची सवय हवी.

एक मात्र दोन्ही रस्त्यांवर लक्षात असू द्या. पुश आणि पुल यांना फाइलसेट लागू नाही. खुणा दोन फाइलींवर असल्या तरी पुश अख्ख्या ब्रँचचा होतो. नवीन लोकांना वाटतं खुणा केल्या तेवढंच गेलं.

पाऊलखूण

याला दुजोरा. शिकवताना हा गैरसमज मला सतत भेटतो.

शेंडेफळ

शेवटचा प्रश्न. कालच्या कमिटमध्ये एक नको असलेली फाइल गेली आहे. पुश केलेला नाही. बाकीचा कमिट तसाच ठेवून तेवढी एक फाइल बाहेर काढता येईल का? तिच्यातले बदल मला हवे आहेत, फक्त या कमिटमध्ये नकोत.

दुर्बीण

येईल. आधी स्टेज केलेलं दुसरं काही नाही ना ते गिट स्टेटसने पाहा. मग गिट रिसेट हेड~१ आणि पुढे दोन वजा चिन्हं देऊन त्या फाइलीचं नाव. यामुळे इंडेक्समध्ये ती फाइल आधीच्या कमिटमधल्या रूपात जाते, डिस्कवरच्या मजकुराला हात लागत नाही. त्यानंतर गिट कमिट अमेंड पर्यायासह, फाइलीचं नाव न देता. नाव दिलंत तर वर सांगितलेला ओन्ली पुन्हा लागू होईल आणि डिस्कवरचं रूप परत आत जाईल. म्हणून हे काम व्हीसीच्या अमेंडने न करता टर्मिनलमध्ये किंवा मॅगिटमध्ये करा.

पुश झाला असता आणि ब्रँच इतरही वापरत असते तर अमेंड न करता ती फाइल पूर्ववत करणारा नवा कमिट करा असं सांगितलं असतं.

शेंडेफळ

झालं! गिट शो मध्ये आता हव्या त्याच फाइली दिसतात आणि ती एक बदललेल्यांच्या यादीत परत आली आहे.